जो-तो आणि हू-विच

मंडळी, 'जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ आहे' हे वाक्य मुलांना इंग्रजीत करायला सांगा. हमखास उत्तर येईल : 'द बॉय हू केम यस्टरडे, ही इज माय ब्रदर.' ही चूक आळसाची नव्हे, मराठीची आहे. आपल्या 'जो'ला 'तो' लागतोच. इंग्रजीतल्या 'हू'ला असा जोडीदार लागत नाही. 'ही' पुसा, त्याआधीचा स्वल्पविरामही पुसा, की वाक्य शुद्ध झाले.

माणसाला 'हू', वस्तूला 'विच' हे मुलांना पाठ असते. पण हे उपवाक्य आपल्या नामाला चिकटून हवे. 'आय गेव्ह द बुक टु द टीचर विच वॉज टॉर्न' म्हटले, की पुस्तकाऐवजी गुरुजीच फाटतात!

खरी मेख स्वल्पविरामाची. 'द बॉइज हू फेल्ड विल सिट अगेन' म्हणजे जी मुले नापास झाली, तीच पुन्हा बसतील. पण 'हू फेल्ड'च्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम द्या. सारा वर्ग नापास! एका अहवालात मीच हा पराक्रम केला होता, आणि पालक विचारायला आले तेव्हा मला तो कळला.

इथे मात्र आपला 'जो-तो' उपयोगी पडतो. अनेकांतून काही निवडायचे असले, तर मराठीत 'जी मुले... ती' असे येते. तिथे स्वल्पविराम नको. 'मुले नापास झाली. ती पुन्हा बसतील' असे सरळ सांगायचे असेल, तर स्वल्पविराम द्या, आणि मग 'हू'च्या जागी 'दॅट' घालू नका. दोन्ही वाक्ये फळ्यावर लिहून मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. स्वल्पविरामाशी त्यांना थांबायला लावा. फरक कानालाच कळतो.