टपाल वेळेवर पोहोचवणारा वैमानिक

जे. आर. डी. टाटा आणि विमान हे शब्द एकत्र आले की १५ ऑक्टोबर १९३२ ही तारीख पुढे येतेच. त्या दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमारास त्यांनी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून एका इंजिनाचं पुस मॉथ विमान उडवलं, अहमदाबादला इंधन भरून घेतलं आणि दुपारी दोनच्या आत ते जुहूला उतरले. सोबत सुमारे पंचवीस किलो टपाल होतं. पाठ्यपुस्तकांत, टपाल तिकिटांवर आणि वर्धापनदिनाच्या भाषणांत हाच प्रवास दिसतो. माझं म्हणणं असं की, जेआरडींचं मोठेपण या दिवसापेक्षा त्यानंतरच्या वर्षात शोधावं. शहादा तालुक्यातल्या पुरुषोत्तमनगरच्या वाचकाला हे चटकन पटेल. साखर कारखान्याच्या गव्हाणीत पहिली मोळी पडते तेव्हा पूजा होते, नारळ फुटतो, फोटो निघतात. हंगामाचा हिशोब मात्र रोजच्या गाळपावर ठरतो, आणि तोडलेला ऊस ताटकळला की उतारा घसरतो. १५ ऑक्टोबर ही विमान टपालाची पहिली मोळी होती.

त्या काळी लांब पल्ल्याचं उड्डाण म्हणजे शर्यत, असंच समीकरण होतं. लिंडबर्गने १९२७ मध्ये न्यूयॉर्क ते पॅरिस एकट्याने विमान नेलं आणि त्यानंतर दर महिन्याला कुणी ना कुणी नवा विक्रम करू पाहत होतं. आगा खान यांनी इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्या दरम्यान एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं. अट एकच होती, प्रवास महिन्याभरात पुरा व्हायला हवा. १९३० मध्ये तिघे त्यासाठी निघाले. मनमोहन सिंग पोहोचले, पण त्यांची मुदत हुकली. सतरा वर्षांचे अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून कराचीकडे निघाले होते, तर जेआरडी कराचीहून इंग्लंडकडे. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली तेव्हा अस्पी स्पार्क प्लगअभावी अडकून पडले होते. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना दिले. अस्पींनी शर्यत थोडक्या फरकाने जिंकली, आणि पुढे ते भारताचे हवाई दलप्रमुख झाले. ही गोष्ट बहुधा खिलाडूपणाचा नमुना म्हणून सांगितली जाते, आणि तो त्यात आहेच. मला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. वाटेत प्लग बिघडणार हे गृहीत धरून जेआरडी घरूनच जादा प्लग घेऊन निघाले होते. १० फेब्रुवारी १९२९ रोजी देशातला पहिला वैमानिक परवाना मिळवणाऱ्या या माणसाचा स्वभाव शर्यतीपेक्षा वेळापत्रकाला जुळणारा होता.

टपाल सेवेची मूळ कल्पना त्यांची नव्हती. ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेल्या नेव्हिल व्हिन्सेंट यांची ती योजना. इम्पीरियल एअरवेजची विमानं १९२९ पासून लंडनहून कराचीपर्यंत टपाल आणत होती. तिथून ते मुंबईमार्गे मद्रासला विमानाने का नेऊ नये, असा व्हिन्सेंट यांचा सवाल होता. सरकारने अनुदान द्यायला नकार दिला. अखेर १९३२ च्या एप्रिलमध्ये जो करार झाला, त्यात पैसे मिळणार होते ते वाहून नेलेल्या टपालाच्या वजनावर. पहिल्या फेरीत जेआरडींनी जुहूला आणलेल्या थैल्या व्हिन्सेंटनीच पुढे नेल्या. बेळ्ळारीला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी ते मद्रासला पोहोचले. दोन छोटी विमानं, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं आणि जुहूच्या चिखलवट जमिनीवर झावळ्यांनी शाकारलेली एक खोपटी एवढाच सगळा संसार होता. रेडिओ नाही, रात्री उतरण्यासाठी दिवे नाहीत. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जाई, म्हणून मुक्काम पुण्याला हलवावा लागे. पुण्याला उतरायचं म्हणजे आषाढ-श्रावणात सह्याद्री ओलांडणं आलं. ढग डोंगरमाथ्यावर टेकलेले असताना नजरेच्या आधाराने छोटंसं विमान घाटापलीकडे न्यायचं, आणि तेही दर आठवड्याला, कारण थैल्या कराचीहून निघालेल्या असत. पुण्यामुंबईचे पायलट आज उपकरणांच्या मदतीने जे ढग पार करतात, ते त्या माणसांनी डोळ्यांनी वाचले.

याचं फळ कागदावर नोंदलेलं आहे. पहिल्या वर्षात या विमानांनी सुमारे १ लाख ६० हजार मैल कापले, १५५ प्रवासी आणि दहा टनांहून अधिक टपाल वाहून नेलं आणि ६० हजार रुपये नफा कमावला. १० ऑक्टोबर १९३३ रोजी विमान नेहमीप्रमाणे वेळेवर कराचीला टेकलं, तेव्हा वर्षभराची वक्तशीरता शंभर टक्के भरली. नागरी विमान वाहतूक खात्याच्या अहवालाने पश्चिम घाटातल्या पावसाचा मुद्दाम उल्लेख केला आणि एकदाही टपाल उशिरा पोहोचलं नाही, अशी नोंद केली. इम्पीरियल एअरवेजने आपली माणसं टाटांकडे शिकायला धाडावीत, असंही त्यात सुचवलं होतं. गुलाम देशातल्या एका चिमुकल्या कंपनीबद्दल राज्यकर्त्यांच्याच खात्याने असं लिहावं, हे मला कुठल्याही विक्रमापेक्षा मोठं वाटतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो पैशाचा. टाटांच्या घरात जन्मलेल्याला विमान उडवणं सोपंच, असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. परवाना, विमान, सुरुवातीचं भांडवल हे सारं श्रीमंतीमुळेच शक्य झालं. पण श्रीमंत हौशी वैमानिक त्या दशकात जगभर होते आणि त्यांतल्या फार थोड्यांनी एखादी सेवा उभी केली. पैशाने विमान घेता येतं. पन्नास-बावन्न आठवडे न चुकता ते वेळेवर उतरवायचं तर ज्याने त्याने आपापलं काम रोज चोख करावं लागतं. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ही पत्रं होती कुणाची? बहुतेक व्यापारी पेढ्यांची आणि साम्राज्याच्या अधिकाऱ्यांची. खानदेशातल्या शेतकऱ्याला कराचीच्या थैल्यांचा उपयोग काय? त्या वर्षी काहीच नव्हता, हे मान्य करायला हवं. मात्र वेळ पाळण्याची जी शिस्त त्या सेवेत घडली, तिच्यावरच पुढची कंपनी उभी राहिली. १९४६ मध्ये तिचं नाव एअर इंडिया झालं आणि ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. स्वातंत्र्यानंतर वर्षही उलटलं नव्हतं, आणि परक्या विमानावर न विसंबता लंडनला जाण्याची सोय देशाला मिळाली होती.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे: वेळापत्रकाचं एवढं कौतुक केलं तर धाडसाचं मोल उरत नाही. लिंडबर्गचंच उदाहरण त्याला उत्तर देतं. अटलांटिक ओलांडण्याआधी तो सेंट लुईस ते शिकागो टपालच नेत होता आणि त्या नोकरीत दोनदा पॅराशूट बांधून त्याला विमानातून उडी टाकावी लागली होती. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या मार्गाने जायचं म्हणजे हवामान निवडण्याची मुभा नसते. विक्रम करू पाहणारा आभाळ निवळेपर्यंत थांबू शकतो. टपालाच्या वैमानिकाला तसं थांबता येत नाही, म्हणून त्याचं धाडस मला अधिक कठीण वाटतं. जेआरडींनी १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, लेपर्ड मॉथ विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला. त्याची खूप प्रसिद्धी झाली आणि ती योग्यच होती. पण १९३३ च्या आषाढात घाट ओलांडणाऱ्या फेऱ्यांपैकी एकीचीही आठवण आपण कुठे जपलेली नाही.

याचा आजच्या खानदेशाशी थेट संबंध आहे. नंदुरबार जिल्ह्यातून प्रवासी विमान उडत नाही. जवळचे विमानतळ जळगावचे किंवा सुरतचे. जळगावहून उडान योजनेत डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईची सेवा गाजावाजाने सुरू झाली आणि काही महिन्यांत थांबली. सप्टेंबर २०१९ मध्ये दुसऱ्या कंपनीने ती पुन्हा सुरू केली, तीही टिकली नाही. २०२४ मध्ये तिसरी कंपनी आली. प्रत्येक वेळी पहिल्या उड्डाणाचे फोटो छापून आले. छोट्या गावांचं प्रवासी गणित टपालापेक्षा अवघड असतं आणि इंधनाचा खर्च १९३२ सारखा राहिलेला नाही, हे खरं. पण या मार्गांना सरकारी मदत मिळते, आणि जेआरडींच्या विमानांना ती मिळत नव्हती. तेव्हा मदत घेणाऱ्या प्रत्येक मार्गावर किती फेऱ्या ठरल्या, किती झाल्या आणि किती वेळेवर झाल्या, हे आकडे दर महिन्याला त्या त्या विमानतळावर लावावेत. १९३३ मध्ये सरकारी खात्याने एवढी नोंद ठेवली होती, तीही परक्या राजवटीत.