किमोनो : निवड, नेसण आणि निगा

क्योतो शहराच्या दक्षिण भागांत तोजी नांवाचें एक प्राचीन बौद्ध मंदिर आहे. त्याच्या आवारांत दर महिन्याच्या एकविसाव्या तारखेस मोठा बाजार भरतो. कांहीं वर्षांपूर्वीं त्या शहरीं आमचें वास्तव्य असतां, ह्या बाजारांतील जुन्या कपड्यांच्या ढिगांतून आम्हीं एक रेशमी किमोनो उचलला. रंग अस्मानी, त्यावर बारीक पांढरी नक्षी. किंमत मात्र एका साध्या जेवणाइतकी. मोठा सौदा साधला अशा ऐटींत घरीं येऊन आम्हीं तो आरशापुढें अंगावर चढविला, तोंच आमच्या वृद्ध घरमालकीणबाई चहा घेऊन आल्या आणि दारांतच थबकल्या. आम्हीं उजवा पदर डाव्यावर आणला होता. असा पदर जपानांत केवळ मृताच्या अंगावर घेतात! बाईंनीं तबक खालीं ठेविलें आणि एक शब्दही न बोलतां आमचे पदर उलट केले.

डावा पदर वर घेण्याची ही रीत आजकालची नव्हे. सम्राज्ञी गेन्शो हिच्या कारकीर्दींत, इ. स. ७१९ सालीं, सर्व प्रजेनें उजवा पदर आंत घ्यावा अशी राजाज्ञा निघाली. तेराशें वर्षें झालीं, स्त्रिया व पुरुष ती सारखीच पाळीत आले आहेत. पदर उलटल्यावर बाईंनीं आमचा हात धरून बाही ओढून पाहिली. ती मनगटाच्या तीन बोटें वरच राहिली होती. सौद्याची ऐट तेथेंच उतरली, आणि आमचें खरें शिक्षण सुरू झालें.

किमोनो ह्या शब्दाचा मूळ अर्थ 'ल्यावयाची वस्तु' एवढाच. एका किमोनोस एक ठाण लागतें. त्यास 'तान' म्हणतात. रुंदी सुमारें ३६ ते ३८ सेंटिमीटर, लांबी सुमारें १२ मीटर. त्याचे आठ सरळ तुकडे होतात : दोन बाह्या, अंगाचे दोन लांब पट्टे, पुढील पदरांचे दोन, गळपट्टी, आणि तिच्यावर चढविण्याची दुसरी आंखूड पट्टी. काखेची अथवा गळ्याची गोलाई कापून टाकीत नाहींत. जादा कापड आंत दुमडून ठेवितात. शिवण साध्या धांवदोऱ्याची. हें सारें उसवून पुनः कडेला कड जोडली कीं ठाण पहिल्यासारखें उभें राहतें. आपलें लुगडें बिनशिवलें, आणि हा शिवलेला. तथापि कापडाचा भंग करावयाचा नाहीं हा संकोच दोहोंकडे एकच आहे, असें आम्हांस वाटतें. किमोनोची निवड, नेसण व निगा ह्या तिन्ही गोष्टी ह्या एका संकोचांतून निघाल्या आहेत.

निवडतांना आपल्याकडील डोळा प्रथम रंगाकडे जातो; जाणती जपानी स्त्री प्रथम 'युकी' मोजते. मानेमागील मणक्यापासून खांद्यावरून मनगटाच्या हाडापर्यंतचें अंतर म्हणजे युकी. स्त्रीच्या किमोनोची लांबी जास्त झाली तर कमरेशीं दुमडून घेतां येते, रुंदी कमीजास्त झाली तर पदर मागेंपुढें सारतां येतो. युकी मात्र आखूड पडली कीं नेसण्याच्या कौशल्यानें भागत नाहीं. पूर्वीच्या बायका ठेंगण्या, म्हणून जुन्या किमोनोंत हा दोष फार. अशा वेळीं खांद्याच्या शिवणींत किती माया दडली आहे हें चांचपून पाहावें. माया असेल तर बाही सोडवून वाढवितां येते. नसेल तर पुढच्या दुकानीं जावें. पुरुषाच्या किमोनोस कमरेची दुमड नसल्यामुळें त्याची लांबीही अंगाबरोबरच असावी लागते.

मग प्रसंग पाहावा. अविवाहित मुलींचा लांब बाह्यांचा 'फुरिसोदे', लग्नसमारंभांत वरवधूंच्या माता नेसतात तो पांच कुलचिन्हांचा काळा 'तोमेसोदे', पाहुणीस शोभेल असा 'होमोंगी', नित्याचा बारीक नक्षीचा 'कोमोन' अशी ही उतरंड आहे. हींत नवख्यास चकविणारी एक गोष्ट अशी कीं, विणून मग रंगविलेलें वस्त्र मानाचें, व सूत आधीं रंगवून विणलेलें घरगुती समजतात. युकी गांवच्या परिसरांतील हातसुताचें 'त्सुमुगी' रेशीम २०१० सालीं युनेस्कोच्या वारसायादींत गेलें. त्याची किंमत ऐकून छाती दडपते. तरीही तें लग्नास चालत नाहीं! कमरेच्या ओबीस हाच नियम नेमका उलटा लागू. तेथें विणलेला मोठा आणि रंगविलेला धाकटा. (ह्याचें कारण आम्हीं बाईंस विचारलें. त्या नुसत्या हंसल्या. सोंवळ्याओवळ्याचे प्रश्न आमच्या आजीस विचारले कीं तीही अशीच हंसे.)

ऋतूचा नियमही कडक. ऑक्टोबरपासून मेपर्यंत अस्तराचा, जून व सप्टेंबरांत बिनअस्तराचा, जुलै-ऑगस्टांत जाळीदार विणीचा. अलीकडे उन्हाळे वाढल्यामुळें हें बंधन पुष्कळ सैल झालें आहे. नक्षीचें फूल मात्र अद्यापि ऋतूच्या किंचित् आधीं नेसावें. झाडावर चेरी पूर्ण फुलल्यावर तीच अंगावर मिरविणें अरसिकपणाचें मानतात. उन्हाळ्यांतील सुती 'युकाता' ह्या सर्व कटकटींतून मुक्त आहे. मुंबईहून जपानास कापूस नेण्यासाठीं १८९३ सालीं जमशेटजी टाटांच्या पुढाकारानें नियमित आगबोटी सुरू झाल्या, त्यानंतर तेथील गिरण्यांत आपल्याकडचा कापूस बराच खपला. हें आठवून युकाता आम्हांस थोडा आपलासा वाटतो.

आपण लुगडें नेसतों आणि झगा घालतों. किमोनो आधीं घालावयाचा व मग नेसावयाचा असतो. सर्वांआधीं अंगठा वेगळा असलेले 'ताबी' मोजे चढवावे, कारण एकदां ओबी बांधला कीं खालीं वांकवत नाहीं. मग आंतला झगा. त्याची पांढरी गळपट्टी मानेमागें एक मूठ राहील इतकी मागें ओढावी. कमर बारीक असेल तर तेथें पंचा गुंडाळावा. आपण अंगाची ठेवण दिसावी म्हणून वस्त्र चापून बसवितों. येथें वस्त्र सपाट बसावें म्हणून अंगच सारखें करून घेतात! नंतर किमोनोचा खालचा कांठ पायाच्या घोट्याशीं धरून आधीं उजवा व मग डावा पदर घ्यावा आणि कमरेस दोरी आंवळावी. सारी मदार ह्या दोरीवर आहे. ती ढिली राहिली कीं घटकाभरांत सर्व नेसण ओघळतें; आमचें तर पहिल्या दिवशीं रस्त्यांतच ओघळलें. वर उरलेलें कापड सारखें करून सोडलें म्हणजे ओबीखालीं चार बोटांची दुमड दिसते, ती 'ओहाशोरी'. शेवटीं चार मीटरांहून लांब असा ओबी. त्याची पाठीवरची चौकोनी गांठ शब्दांनीं शिकवितां येत नाहीं. जपानी मुलींनाही ती आतां आईकडून मिळत नाहीं. युद्धोत्तर काळांत ह्यासाठीं स्वतंत्र शिकवण्या निघाल्या आहेत.

निगेचा भाग मात्र आम्हांस सर्वांत मोलाचा वाटला. अंगावरून उतरलेला किमोनो लगेच घडी करून ठेवूं नये. आडव्या दांडीवर बाह्या पसरून, सावलींत, रात्रभर वारा लागूं द्यावा, म्हणजे अंगाची वाफ निघून जाते. पावसाचे थेंब पडले असतील तर कोरड्या फडक्यानें टिपावे, घांसूं नयेत. चिरिमेन जातीचें सुरकुतीदार रेशीम पाण्यानें आकसतें. घडी शिवणींवरच पडावी. ती कागदी वेष्टनांत घालून 'किरी' वृक्षाच्या हलक्या लांकडाच्या कपाटांत ठेवितात. मुलगी जन्मली कीं अंगणांत किरी लावावयाचा आणि तिच्या लग्नांत त्याचेंच कपाट करून द्यावयाचें, अशी जुनी चाल होती. श्रावणाच्या सुमाराचे कडक दिवस, शरद् ऋतु आणि ऐन थंडी अशा तीन वेळीं कोरड्या दिवशीं, दहापासून दोनपर्यंत, सर्व कपडे सावलींत वाऱ्यावर टाकितात. आमच्या हातून येथेंच चूक झाली. पुण्यास परत आल्यावर पहिल्याच पावसाळ्यांत, कसर लागूं नये म्हणून, आम्हीं ट्रंकेंत डांबराच्या गोळ्या आणि कापूर दोन्ही टाकिलें. हीं दोन एकत्र आलीं कीं विरघळतात. अस्मानी रेशमावर पडलेला तो तेलकट डाग आजही गेलेला नाहीं. एकच एक औषध, आणि तेंही कपड्यास न लागतां कोपऱ्यांत ठेवावें.

फार मळलेला किमोनो धुण्याची जुनी रीत 'आराइहारी'. सर्व शिवणी उसवून, तुकडे जोडून पुनः ठाण करावयाचें, तें धुवावयाचें, समुद्रशेवाळाची खळ देऊन बांबूच्या काड्यांनीं ताणून वाळवावयाचें, आणि मग नव्यानें शिवावयाचें. झिजलेली बाजू ह्या वेळीं आंत घेतां येते.

घरमालकीणबाईंच्या कपाटांत आईचा एकच किमोनो होता : करड्या रंगाचा होमोंगी, पायाशीं पाण्याच्या लाटा. १९४५ सालीं युद्ध संपल्यावर शहरांत अन्नान्नदशा झाली, तेव्हां बायका किमोनोंचीं गांठोडीं घेऊन आगगाडीनें खेड्यांत जात आणि तांदूळ, रताळीं घेऊन परतत. बांबूच्या कोंवळ्या कोंबाचीं टरफलें एकेक सोलावीं तसें हें अंगावरचें एकेक वस्त्र उतरवून जगणें, म्हणून लोक त्यास 'बांबूच्या कोंबाचें जिणें' म्हणत. बाईंच्या आईचें कपाट असेंच रिकामें झालें. तोजीच्या ढिगांत जुने किमोनो इतके कोठून येतात, हा प्रश्न आम्हीं पुनः विचारला नाहीं.

हा उरलेला होमोंगी दोनदां आराइहारी झालेला. बाईंच्या नातीनें तो मामेबहिणीच्या लग्नास मागितला. पण नात आजीपेक्षां वीतभर उंच. लांबीचें ओहाशोरी कमी करून कसेंबसें भागलें. बाही उसविली, तेव्हां खांद्याच्या शिवणींत दोन बोटें माया निघाली. जिनें तो प्रथम शिवला तिनें ती ठेविली होती. आंतलें कापड बाहेर आलें तें मूळच्या गडद करड्या रंगाचें, आणि जुन्या घडीची रेघ कांहीं केल्या जाईना. कारागिरानें ती रंगानें झांकण्याची तयारी दाखविली. बाईंनीं नातीकडे पाहिलें. नातीनें मान हलवून नको म्हटलें. लग्नाच्या दिवशीं ती रेघ खांद्यावर स्पष्ट दिसत होती.