पाडव्याच्या दारी कागदी पळस

होळी आणि पाडवा यांच्यामध्ये जेमतेम पंधरवडा. या दिवसांत गोंदियाहून देवरी किंवा अर्जुनी मोरगावकडे निघालं की धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवर पळस केशरी होऊन उभा असतो. दारावर मात्र आपण प्लॅस्टिकचा झेंडू लावतो! झेंडूशी वैर नाही. पण ज्या जिल्ह्यात पळस असा फुलतो, तिथल्या तोरणात तो नसावा हे काही पटत नाही.

खरी फुलं ओवून पाहिली तर संध्याकाळपर्यंत मलूल होतात. शिवाय त्यातल्या मधावर मैना, शिंजीर, खारी टपलेल्या असतात. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात तर फूल तोडायचंच नाही. म्हणून कागद. नमुन्यासाठी धुऱ्यावर गळून पडलेली दोन-चार फुलं उचलून आणा आणि एक उकलून बघा.

पाकळ्या पाच असतात. मागे एक रुंद, बाजूंना दोन लहान आणि मधल्या दोन एकमेकींना चिकटून पोपटाच्या चोचीसारख्या वाकलेल्या. फुलाचा सगळा डौल या चोचीत आहे. ती साधली नाही तर फूल कशाचंही वाटेल, पळसाचं नाही.

कागद केशरी क्रेपचा घ्या. क्रेपच्या बारीक सुरकुत्या पाकळीच्या लांबीला धरून कापायच्या, कारण तो सुरकुत्यांना आडवा ताणला जातो. पाकळी साधारण 5 सेंमी लांब ठेवा. दोन्ही अंगठ्यांनी मधोमध हलकेच ताणली की तिला खोलगटपणा येतो. चोचीसाठी दोन पाकळ्या कडेला खळीने चिकटवा आणि ओलसर असतानाच पेन्सिलीवर वाकवा. खऱ्या पाकळीवर बाहेरून रुपेरी लव असते. त्यासाठी पांढऱ्या खडूचा कोरडा हात फिरवला तरी पुरे. देठाशी काळपट तपकिरी कागदाची वाटी हवीच. तिच्यामुळे केशरी रंग उठून दिसतो.

खळ मैद्याची, घरीच शिजवलेली. ती टिकावी म्हणून मोरचूद घालायची जुनी रीत आहे, पण मोरचूद विषारी असतो. मुलं हाताशी असतील तर तो टाळा आणि खळ रोज ताजी करा.

ओवायला सुतळी चालते, पण आपल्याकडे धानाची तणस असताना सुतळी कशाला? तणस पाण्यात भिजवून मऊ करा, पीळ देऊन दोर वळा आणि तो पूर्ण वाळू द्या. तीन फुटांच्या चौकटीला दर तीन सेंमीवर एक, अशी तीसेक फुलं लागतात. घरातले चार जण बसले तर काम लवकर उरकतं. पळसाला पाने तीन म्हणतात खरं, पण फुलाच्या दिवसांत झाडावर तीही बहुधा नसतात. तेव्हा हिरव्या कागदाची पानं डकवू नका. हिरवं हवंच असेल तर आंब्याची खरी पानं मधूनमधून बांधा.

तोरण ओसरीच्या आत लावा. उन्हाने क्रेपचा रंग उडतो आणि अवकाळीच्या एका सरीतही तो भिंतीवर उतरतो. चुन्याच्या भिंतीवरचा हा डाग सहसा निघत नाही. पाडवा झाला की तोरण उतरवून, वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून पत्र्याच्या डब्यात ठेवा. कसर लागली नाही तर पुढच्या वर्षी चार-दोन फुलंच नवी करावी लागतील.