पेशंट 'अचानक' सिरीयस होतो, त्याच्या आधी काय घडतं?

समजा, वेळणेश्वरच्या एका आजींना न्यूमोनिया झालाय. शृंगारतळीमार्गे त्यांना चिपळूणला आणून जनरल वॉर्डात ठेवलंय. रात्री आजी बोलत होत्या, पेजही घेतली. पहाटे धावपळ सुरू होते आणि नातेवाईक म्हणतात, "रात्री तर बऱ्या होत्या, अचानक काय झालं?"

बहुतेक वेळा ते अचानक नसतं. हॉस्पिटलमध्येच हृदय बंद पडलेल्या ६४ पेशंटचा मायामीतल्या डॉक्टरांनी अभ्यास केला होता. १९९० साली तो प्रसिद्ध झाला. त्यातल्या ८४ टक्के पेशंटच्या बाबतीत आधीच्या आठ तासांत तब्येत बिघडल्याच्या किंवा नव्या तक्रारीच्या नोंदी सापडल्या. म्हणजे कागदावर लिहिलेलं होतं, पण एकत्र कुणी वाचलं नव्हतं.

आजींचे रात्रीचे आकडे बघा. श्वास मिनिटाला २४, ऑक्सिजन ९४, नाडी ११२, वरचं बीपी १०४, ताप १००.८. एकेक आकडा बघून कुणी घाबरणार नाही. पण ब्रिटनमध्ये २०१२ पासून 'न्यूज' नावाची गुणपद्धत आहे. तिच्या २०१७ च्या सुधारित तक्त्यानुसार यांना अनुक्रमे २, १, २, १ आणि १ गुण मिळतात. बेरीज ७. पाचला डॉक्टरांनी तातडीने बघायचं असतं आणि सात म्हणजे थेट आणीबाणी.

अशा वेळी तिथे वॉर्डात येते ती 'आउटरीच' नर्स. आयसीयूत मुरलेली. २००० साली ब्रिटिश सरकारच्या अहवालानं अशा टीमची शिफारस केली. ती पेशंट ताब्यात घेत नाही. वॉर्डच्या सिस्टरसोबत उभी राहून तपासते, ऑक्सिजन नीट करते, डॉक्टरांना बोलावते, आयसीयूत हलवायचं का यावर बोलते. आयसीयूतून वॉर्डात परतलेल्यांवरही तिचं लक्ष असतं. एकाच वेळी अख्खा वॉर्ड सांभाळणाऱ्या नव्या सिस्टरला हा मोठाच आधार.

नुसती टीम नेमून मात्र भागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या २३ हॉस्पिटलांच्या २००५ मधल्या अभ्यासात अशा टीममुळे ठळक फरक दिसला नाही. एक कारण साधं होतं: धोक्याचे आकडे दिसूनही अनेकदा टीमला फोनच गेला नव्हता. रात्री दोनला मोठ्या डॉक्टरांना उठवायला कोण धजावतं, हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही.

इंग्लंडने म्हणून नातेवाइकांनाही हा अधिकार दिला. २०२१ मध्ये १३ वर्षांची मार्था मिल्स सेप्सिसने गेली. आईवडील काळजी बोलून दाखवत होते, पण ती गांभीर्याने घेतली गेली नाही. २०२४ पासून तिथल्या अनेक हॉस्पिटलांत 'मार्थाज रूल' लागू झाला. घरचे थेट दुसऱ्या टीमला बोलावू शकतात.

आपल्याकडे वॉर्डात पेशंटपाशी रात्रभर घरचं कुणीतरी असतंच. छोट्या हॉस्पिटलात आयसीयू नसेल तर १०८ बोलावून पुढे न्यायलाही वेळ जातो, त्यामुळे ते आधीचे तास जास्तच मोलाचे. आणि सगळ्यात आधी बदलणाऱ्या आकड्यांपैकी एक, श्वास, मोजायला यंत्र लागत नाही. पेशंट शांत पडलेला असताना, त्याला न सांगता, पूर्ण एक मिनिट छाती किती वेळा वर येते ते मोजायचं. मोठ्या माणसात १२ ते २० ठीक. २५ किंवा जास्त असेल, किंवा माणूस नव्यानेच असंबद्ध बोलू लागला असेल, तर एकट्या त्या गोष्टीचेच ३ गुण होतात. १६ वर्षांखालची मुलं आणि गरोदर स्त्रिया यांना हा तक्ता लागू नाही.

सिस्टरला सांगताना "बरं वाटत नाहीये" एवढंच नको. "दहा वाजता १८ होता, आता २६ आहे" असं सांगायचं.