मागांची खटखट आणि भाचीची करामत

आमच्या कामतघरात नव्याने आलेल्या सुनेला मागांच्या खटखटीने झोप लागत नाही, आणि आम्हा जुन्यांना खटखट थांबली की जाग येते! भिवंडीचं सगळं पोटपाणी विजेवर चालणाऱ्या मागांचं. तरीही भाची बारावीनंतर "इलेक्ट्रिकल घेणार" म्हणाली, तेव्हा "मुलीने विजेशी खेळ कशाला?" असं तिच्या आईच्या कानी मीच घातलं होतं. बहिणीने ऐकलं नाही, हे बरंच झालं.

आज ती कारखान्यांतली विजेची कामं पाहते. परवा जेवताना मी विचारलं, "काय गं, त्या तारांत गंमत ती कसली?"

"मावशी, खरी मजा बिघाड शोधण्यात!" ती खुलली. एका कारखान्यात मोटर नुसती घुं-घुं करायची, फिरायची नाही. मालक म्हणाले, जळली! हिने आधी मेन बंद केला, मग फ्यूज तपासले. तिन्हींपैकी एका फेजचा उडालेला. मोटर धडधाकट! तीन फेज म्हणजे तिघींनी मिळून उचललेला हंडा. एकीने हात काढला की उरलेल्या दोघींवर भार. चालू मोटर तशीच रेटली, तर तापून जळणार.

दुसरं आवडतं काम मोटर पुन्हा भरण्याचं. तांब्याच्या बारीक तारेचे वेढे मोजून गुंडाळ्या करायच्या, खाचांत बसवायच्या, वॉर्निश देऊन भट्टीत सुकवायच्या. विणकामात टाका चुकला तर उसवता येतो, इथे वेढे चुकले तर मोटर तापते. आपल्या हातांना हे काम परकं का वाटावं?

आणि तिसरं, नवं यंत्र पहिल्यांदा सुरू करणं. बटण दाबताना छाती धडधडतेच. मोटर उलटी फिरली, तर वीज बंद करून तीनपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल करायची. झाली सुलटी!

भाचीनेच मला ए. ललिता यांची हकीकत सांगितली. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात तान्ही मुलगी. तरीही मद्रासच्या गिंडी कॉलेजातून त्या १९४३ साली पदवीधर झाल्या आणि भारतातल्या पहिल्या महिला विद्युत अभियंता ठरल्या. पुढे भाक्रा-नांगलच्या कामातही त्यांचा हात लागला. हे ऐकून मी मान खालीच घातली.

जाता जाता तिने दिलेल्या दोन सूचना, मैत्रिणींनो. मिक्सर किंवा पंप नुसता गुणगुणला आणि फिरला नाही, तर लगेच बंद करा, पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. आणि घरात शॉकपासून वाचवणारा आर.सी.सी.बी. असेल, तर त्यावरचं 'टेस्ट'चं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. खटका पडला नाही, तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आणि लेक "इलेक्ट्रिकल घेते" म्हणाली, तर माझ्यासारखं करू नका. आधी तिचं ऐकून घ्या!