हे कशावरून?

बी. ए.चा निकाल लागला की पेढे वाटले जातात आणि किती टक्के मिळाले ते सारी आळी विचारते. कॉलेजच्या त्या वर्षांत मुलाच्या बुद्धीला कोणते वळण लागले, हे मात्र कोणी विचारीत नाही. दोष एकट्या आळीचा नव्हे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, तेच मुळी लंडनच्या धर्तीवर परीक्षा घेण्यासाठी! स्वतः शिकविण्याची मुभा त्याला १९०४ च्या कायद्याने मिळाली.

मग विद्यापीठाने विद्यार्थ्याच्या अंगी बाणवावे तरी काय? याचे उत्तर पुण्याच्या भांडारकर संस्थेत सापडते. तिथे १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत होती. आदिपर्वाचे संपादक विष्णु सीताराम सुखटणकर केंब्रिजला गणित शिकलेले, पुढे बर्लिनला भाषाशास्त्राकडे वळलेले.

व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतो आहे, ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली. तपासलेल्या ५९ हस्तलिखितांपैकी ३७ मध्ये ती होती. मतेच मोजायची तर गणपती बहुमताने निवडून आला असता! पण एका पोथीच्या शंभर नकला म्हणजे शंभर साक्षीदार नव्हेत. कोणती पोथी कोणत्या परंपरेतली, हे सुखटणकरांनी पाहिले. कथा मागाहून शिरलेली ठरली आणि मूळ संहितेतून परिशिष्टात गेली. तिथे ती जपून ठेवली आहे. ज्याला शंका येईल त्याने खुशाल पडताळून पाहावे.

विषय रसायनशास्त्र असो की मराठी, पदवीधराला एवढे यायला हवे : 'हे कशावरून?' असे विचारणे, पुरावा नुसता न मोजता तोलणे, आवडती समजूतही पुराव्यापुढे बाजूला सारणे आणि आपले म्हणणे दुसऱ्याला तपासता येईल असे मांडणे. एकच मजकूर शंभर मोबाइलांवरून घरात शिरतो, अशा दिवसांत तर ही विद्या रोजच्या उपयोगाची. गाइडात उत्तर छापलेले असते; ते कशावरून, हे तिथे नसते.

तेव्हा यंदा फराळाला बसल्यावर घरचे कॉलेजातले पोर एकाएकी म्हणाले, 'आजोबा, हे कशावरून?' तर त्याला उद्धट म्हणू नका. फी सत्कारणी लागली असे समजा आणि त्याच्या ताटात आणखी एक करंजी वाढा.