उशाशी रिव्हॉल्व्हर?

१९७६ चा डिसेंबर आठवतो? दिवेलागण होताच पुण्यात दारे बंद होत. जोशी, मग अभ्यंकर. घरात शिरून नायलॉनच्या दोरीने गळे आवळलेले. उशाशी रिव्हॉल्व्हर असते तर, असे आजही कुणाला वाटेल. यंत्र म्हणून ते गुणीच. रचना साधी, एखादी गोळी फुसकी निघाली तरी चाप पुन्हा ओढताच पुढची समोर येते. पण दार उघडायला जाणारा माणूस हाती शस्त्र घेऊन जात नाही. पोलीस आयुक्तांचा परवाना मिळाला, तरी मुलाबाळांच्या घरात ते कुलपातच हवे. कुलपातले वेळेला हाती येत नाही, उघड्यावरचे नातवाच्या हाती लागते! त्यापेक्षा दाराची साखळी न काढता विचारलेले ‘कोण?’ आणि हाकेला धावणारा शेजार अधिक भरवशाचा.